दोरीचा बांध

आमच्या घरात देवाच्या फळीखाली एक दोरी टांगलेली असे. काथ्याची, अंगठ्याएवढी जाड, धुराने काळी पडलेली, वेटोळं करून खुंटीला अडकवलेली. पूजा झाली की आबा, म्हणजे माझे वडील, उरलेलं एखादं फूल त्या दोरीवर ठेवायचे. पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळेल की आधी दोरीची गोष्ट, याचा भरवसा नसे. गोष्ट अशी, की आबांच्या पणज्याने गोऱ्या साहेबाच्या देखत ही दोरी दोन खांबांत ताणली, तिच्याखाली गावाने चिखल रचला आणि खाडी मागे हटली. ‘समुद्राच्या तोंडातून काढलेली जमीन हाय आपली,’ असं म्हणून आबा पाहुण्याकडे बघायचे आणि पाहुणा मान डोलावायचा. आता मला वाटतं, काथ्या एवढा टिकतो होय? मधल्या कुणीतरी गुपचूप नवी दोरी अडकवली असणार. पण हे आबांना बोलून दाखवायची कुणाची छाती नव्हती. आई मात्र चुलीपाशी बसून भाकरी थापता थापता हळूच म्हणायची, ‘दुसऱ्याच्या तोंडातला घास काढलात, आन् वर सांगताव.’

आई निडीची. तिकडची जमीन गोडी, भात निघालं की त्याच ओलीवर वाल पेरायचा, विहिरीला गोड पाणी. आमचं गाव कासूच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला. इथे विहीर खणली तर मचूळ पाणी लागायचं, पावसात भरलेल्या तळ्यावर वर्ष काढायचं आणि भात फक्त एक, तेही लाल, जाड, खारं पाणी थोडंफार सोसणारं. त्या तांदळाची भाकरी थंड झाली की कौलासारखी व्हायची. आईने ती आयुष्यभर थापली आणि आयुष्यभर नावं ठेवली. माझ्या मोठ्या बहिणीचं, ताईचं, लग्न ठरलं तेव्हा आईने हट्टाने तिला निडीलाच दिली. ‘एक तरी लेक गोडं पाणी पिऊ दे,’ म्हणाली. आबा हसले होते. त्यांना आईचं बोलणं लागत नसे; उलट दोन दिवस ती काही बोलली नाही तर ‘आज बरं नाय का गो?’ म्हणून विचारायचे.

आमचे पूर्वजही मुळात गोड्या जमिनीचेच, नांगर-बैलवाले. त्यांना खाडी कुठली ठाऊक? पण सरकारने म्हणे दवंडी दिली, की खाडी हटवून जो भात पिकवील त्याला काही वर्षं सारा माफ. मग ही माणसं बायकापोरं घेऊन इथे आली. तिवरांचं जंगल तोडलं. चिखलात कमरेपर्यंत उभं राहून बांध घातला. खाडीच्या ज्या बारक्या फांद्या आत शिरत होत्या त्या बुजवल्या आणि एका ठिकाणी लाकडी दाराची उघाडी ठेवली. ओहोटीला ते दार ढकलून पावसाचं पाणी बाहेर जायचं आणि भरती आली की तिच्याच जोराने दार बंद व्हायचं. पहिली काही वर्षं नुसतं खारं गवत उगवलं. पावसाने मीठ धुऊन काढल्यावर पहिलं भात आलं. बांध असा सरळ, की उघाडीपाशी उभं राहिलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस दिसायचा. म्हणून त्याला दोरीचा बांध म्हणत. तो राखायची जोळ होती, म्हणजे ज्याची जेवढी शेती त्याने तेवढा बांध सांभाळायचा आणि मोठं काम निघालं तर घरटी एक माणूस. यात कुणाची कसूर खपत नसे, कारण एकाच्या वाट्यातून पाणी आलं तर बुडणार सगळेच.

त्या तिवरांत आधी कुणाची जाळी लागत होती, ही गोष्ट मात्र दोरीच्या गोष्टीत नव्हती. ती मला चांगूआयने सांगितली. चांगूआय उघाडीजवळच्या झोपडीत राहायची. तिची माणसं खाडीची, आम्ही यायच्या कितीतरी आधीपासूनची. डोक्यावर मासळीची पाटी, तोंडात मशेरी आणि आवाज असा, की पलीकडच्या तीरावरचा माणूस वळून बघेल. आमच्या प्रत्येक शेताचं तिच्याकडे वेगळंच नाव होतं. आम्ही जिला थोरली म्हणायचो, आमचं सगळ्यांत मोठं, सगळ्यांत पिकाऊ शेत, ती तिची बोयफांदी. तिथे म्हणे पूर्वी बोय मासा इतका यायचा, की पोरं टोपलीने उपसायची. ‘मी नाय बगला,’ ती प्रामाणिकपणे सांगायची. ‘माझे आजेसासूने बगला. तुमचा बांद परला तवा ती रडली व्हती. पन बाय, पानी वाट इसरत नाय.’ मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची. मला ती नावं भारी आवडायची. शाळेत जाताना शेतांच्या बांधावरून चालत मी मनातल्या मनात दोन्ही नावं म्हणायचे. घरी एकदा चुकून थोरलीला बोयफांदी म्हणाले, तर आबा जेवता जेवता थांबले. ओरडले नाहीत. ‘चांगूआयकडं जास्त जातेस वाटतं,’ एवढंच म्हणाले.

आमच्या वाट्याच्या बांधावर खेकड्यांची बिळं बुजवायचं काम माझ्याकडे होतं. भांगाचे दिवस आले, म्हणजे भरतीचा जोर कमी झाला, की ओहोटीला खाडीच्या अंगाने उतरायचं, एकेका बिळात चिखल कोंबायचा आणि टाचेने दाबायचा. पुढे उधाण यायच्या आत सगळी बिळं बंद झालेली पाहिजेत. बारीक बीळ म्हणून हसू नये. उधाणाचं पाणी त्यातून आत शिरतं, बीळ मोठं होतं आणि बघता बघता बांधच बसतो. त्याला खांड जाणं म्हणतात. हे सगळं मला दूधपित्या वयापासून माहीत होतं, म्हणून पुढे जे झालं त्याला ‘पोर होती, कळलं नाही’ हे निमित्त मला लावता येत नाही.

त्या वर्षी ताई पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. पाय सुजलेले, चेहरा उजळलेला, आणि निडीच्या गोड्या पाण्यात राहून तिला एकच डोहाळा लागलेला, चिंबोरीचा, खाडीतल्या मोठ्या खेकड्याचा! आईचं म्हणणं, चिंबोरी उष्ण, पोटुशीने हातही लावायचा नाही. त्यात पितृपक्ष सुरू झाला. आमच्याकडे त्या पंधरवड्यात मासळीची फोडणीसुद्धा चालत नसे. ताई बिचारी दुधीची भाजी खायची आणि आई पाठमोरी झाली की माझ्याकडे बघून दोन बोटांच्या नांग्या करून दाखवायची. चौथ्या की पाचव्या दिवशी बिळं बुजवताना मला एका बिळात मोठी नांगी हललेली दिसली. मी चांगूआयकडून लोखंडी आकडी मागून आणली. बाहेर आली ती चिंबोरी माझ्या दोन्ही पंजांएवढी होती, कवच हिरवंकाळं, भरलेली. चांगूआयनेच ती रांधली. नांग्या कुटून रस काढला, खोबरं-लसूण वाटून लावलं आणि वाडगा पदराखाली घेऊन मी ताईला गोठ्यामागे नेऊन दिला. ताईने बोटं चाटली, वाडगा चाटला आणि मग मला मिठी मारून रडायलाच लागली. ‘सुमे, तुझ्यासारखी बहीण नाय गो,’ म्हणाली. एवढं ऐकल्यावर मी काय स्वस्थ बसणार?

चांगूआयने मला सांगितलं होतं, चांगलं बीळ रिकामं राहत नाही, एक चिंबोरी गेली की दोन-चार दिवसांत दुसरी येऊन बसते. म्हणून ते एक बीळ मी बुजवलं नाही. त्याच्या तोंडावर तिवराची फांदी रोवली, म्हणजे बाजूच्या वाट्यातल्या पोरांना दिसू नये. खरंच, तिथून दुसरी निघाली. मग तिसरी. चांगूआयने बजावलं, ‘उदानाचे आदी बुजव हां, पोरी.’ मी म्हणाले, बुजवते. आणि मी बुजवणारच होते! सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी जायचं ठरवलंच होतं. पण त्या दिवशी आईने सकाळपासून मोड आलेल्या वालांचं भलंमोठं पातेलं पुढ्यात ठेवलं. निडीच्या मामाने पाठवलेले वाल. अमावास्येला बिरडं, खीर, वडे, अळू, भोपळा, सगळं पितरांना हवं. वाल सोलता सोलता माझी बोटं सुरकुतली, ताई शेजारी बसून निडीच्या सासूची नक्कल करत होती, आम्ही दोघी पोट धरून हसत होतो, आणि ओहोटी कधी येऊन गेली ते कळलंच नाही. म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. सकाळी वडे लाटायला बसवलं.

आजही वालाचं बिरडं सोलताना मला तो दिवस आठवतो. पेणच्या रामवाडीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सून म्हणते, ‘आई, सोललेले मिळतात बाजारात, कशाला बोटं झिजवता?’ मी तिला काही सांगत नाही. सोलते.

अमावास्येला आमच्याकडे भरती पूर्ण होते ती ऐन जेवणाच्या वेळी. आबांनी पितरांचं पान वाढून कौलांवर ठेवलं होतं आणि अंगणात हात जोडून कावळ्याची वाट बघत होते. कावळा काही येईना. आबांनी दोरीवाल्या पणज्याचं नाव घेतलं. म्हणाले, ‘थोरली पिकवतोय, बांध सांभाळतोय, काय राहिलं असंल तर पोटात घाला.’ तेवढ्यात उघाडीच्या बाजूने आरोळी आली. ‘खांड गेलीऽऽ! खांड गेली होऽऽ!’ प्रत्येक घरातून माणसं भरल्या हातांनी उठून धावली. मीही धावले. बांध आमच्याच वाट्यात फुटला होता, माझ्या बिळाच्या जागी. तिवराची फांदी नव्हती, बीळ नव्हतं, बांधाचा चार गाड्या जातील एवढा तुकडाच नव्हता. खाडी आवाज करत थोरलीत शिरत होती आणि निसवलेलं भात, दाणा भरायला आलेलं, एका बाजूला आडवं होत चाललं होतं. पाणी थोरलीवरून पुढच्या शेतांत गेलं, तिथून त्याच्या पुढच्या. बायकांनी डोक्यावरचा पदर तोंडात धरला होता. मला फक्त एवढंच कळत होतं, की हे मी केलं.

संध्याकाळच्या ओहोटीला सगळा गाव उतरला. घरटी एक नाही, घरटी होते तेवढे. चिखलाचे गठ्ठे कापून हातोहात द्यायचे, मधे बांबू, पेंढा, पुन्हा चिखल. रात्रीच्या भरतीने ते सगळं नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रचलं, तेही गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी माणसं बांधावर नुसतीच बसली होती. जोळीचं काम बघणारे बाळूकाका उभे राहिले. बांधाच्या कामात काकांना भाऊबंद दिसत नसत. त्यांनी विचारलं, ‘वाटा कुनाचा?’

‘माझा,’ आबा म्हणाले.

‘बीळ व्हतं?’

‘व्हतं.’

‘मग बुजवलं का नाय?’

मी बायकांच्या रांगेत होते, हातात रिकामं घमेलं. समोर चांगूआय होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. आज एवढ्या वर्षांनी लिहिताना तरी खोटं कशाला बोलू, आवाज फुटला नाही हे अर्धंच खरं. मी तो फोडला नाही. मला वाटलं, आबा मोठे आहेत, त्यांना कोण काय करणार?

‘माझ्याकडून राहिलं,’ आबा म्हणाले.

कुणी शिवी दिली नाही. बाळूकाकांनी फक्त मान फिरवली, आणि आबांना ते शिवीपेक्षा जास्त लागलेलं मला दिसलं. ते घरी गेले आणि खुंटीवरची दोरी घेऊन परत आले. खांडीच्या दोन्ही तोंडांना त्यांनी खुंट ठोकले आणि दोरी ताणू लागले. जुन्या रेषेतच, अगदी सरळ, बांध पुन्हा उभा करायचा होता त्यांना. तेव्हा चांगूआय पुढे आली. पुरुषांच्या कामात बाईने बोलायची रीत नव्हती, पण तिला रीत सांगायची कुणाची टाप होती?

‘दोरी गुंडाल रं,’ ती आबांना म्हणाली. ‘हितं बोयफांदी व्हती. पानी आपले जुने वाटेन आलंय. बांबू घालून बग, तल लागतो का.’ बांबू घातला. तळ लागला नाही. दुसरा बांबू जोडून घातला, तरी नाही. खाडीने तिथे डोह खणला होता. ‘ह्यावर सात जल्म चिखल टाकशील तरी ऱ्हानार नाय. वलसा घे. डव्हाला बाजूला ठेव, आन् आतून वाकरा बांद घाल.’

आतून वाकडा बांध घालायचा म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं. थोरली बांधाच्या बाहेर जाणार. अख्खी थोरली खाडीला परत द्यायची. सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. आबा दोरीचं टोक हातात धरून उभे होते. ते थोरलीकडे बघत होते. तिच्यात आडवं पडलेलं भात आणि त्यावर चमकणारं पाणी. मला वाटलं ते नाही म्हणतील. मनातून मला हवं होतं त्यांनी नाही म्हणावं. पण त्यांनी खुंट उपटले आणि दोरी कोपराभोवती गुंडाळत गुंडाळत, कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘वाटा माझा, तर शेतबी माझंच जाऊ दे. कुठून वळवायचा ते दाखव, चांगूआय.’

मग चांगूआय पुढे चालली, चिखलात पाय दाबत, कुठे घट्ट लागतं ते बघत. तिच्या मागे आबा टाच ओढत गेले. त्यांच्या टाचेची जी वाकडी रेघ उमटली, तिच्यावर गावाने बांध घातला. पुढची पाच-सहा उधाणं त्याने अंगावर घेतली आणि तो हलला नाही. बाकीच्या शेतांतलं मीठ धुऊन जायला तीन पावसाळे लागले. तेवढे दिवस मामाच्या तांदळावर आणि वालांवर आमचं घर जेवलं. आई त्या तीन वर्षांत एकदाही ‘मी सांगत नव्हते का’ असं म्हणाली नाही. तिच्यासारख्या बाईला हे किती कठीण गेलं असेल!

दोरी खुंटीवर परत गेली नाही. ताईला त्याच महिन्यात मुलगी झाली आणि बाराव्याला पाळणा बांधायची वेळ आली तेव्हा आबांनी ती दोरी काढून दिली. ‘भार सोसते, बांधा,’ म्हणाले. ती भाची आता आजी झाली आहे.

आणि मी चिंबोरी सोडली. कुणी विचारलं तर सांगायचे, अंगाला खाज येते. ताईला खरं कारण ठाऊक होतं. ती वारली तोपर्यंत आम्ही दोघी त्याविषयी एक शब्द बोललो नाही. माझं लग्न झालं, मी पेणला आले, शाळेत शिकवलं, पोरं मोठी झाली, घरी मासळी होत होती, चिंबोऱ्याही होत होत्या. मी रांधायचे आणि वाढायचे. नवऱ्यानेही कधी शंका घेतली नाही.

आबा अगदी थकले तेव्हा मी महिनाभर गावी राहायला गेले होते. आई आणि चांगूआय दोघीही तोवर गेल्या होत्या. थोरलीत तिवरं दोन पुरुष उंच झाली होती. सातबाऱ्यावर ती अजूनही आमच्याच नावावर आहे आणि पिकाच्या रकान्यात भात आहे, हे सांगताना आबांना हसू यायचं. तिवरं तोडू नका म्हणून आता सरकारचाच फलक आहे तिथे. एका दुपारी शेजारच्याने चिंबोऱ्या आणून दिल्या. मी कालवण केलं, आबांना वाढलं आणि माझ्या पानात लोणचं घेतलं. आबांनी दात नसलेल्या तोंडाने थोडा रस्सा ओढला. मग एकदम म्हणाले, ‘त्या बिळातल्या तिन्ही अशाच भरलेल्या व्हत्या का गो?’

माझा हात पानातच राहिला. तिन्ही?

‘चांगूआयनं सांगितलं व्हतं. बाळूकाकानं बांधावर विचारायच्या आदीच. तिला वाटलं, आकडी तिनं दिली म्हनून पाप तिचं.’

‘मग आबा, तुम्ही तेव्हा…’

‘काय बोलनार? पोटुशी पोर मागते, भैन आणून देते. ह्यात कुनाला मारू?’ ते दम खायला थांबले. ‘उधाणाच्या आदी बापानं एक फेरी मारायची असते. मी नाय मारली. दोरीचा बांध हाय, त्याला काय व्हतंय, असं वाटायचं मला. वाटा माझाच व्हता गो.’

मी रडत होते. कितीतरी वर्षांचं रडू, ते कुठे लवकर थांबतं? आबांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, ‘शेत गेलं त्याचं मला काय नाय वाटलं. तू खायची थांबलीस. तवापासून चिंबोरीचा घास माझ्या घशाखाली सरळ उतरला नाय.’

त्यांनी आपल्या वाडग्यातली मोठी नांगी उचलली आणि माझ्या पानात ठेवली.

‘खा. थोरलीतली हाय. आपल्याच शेतातली.’

मी ती दाताने फोडली आणि रसासकट खाल्ली. दुसरीही खाल्ली. खाज कुठेही आली नाही.